सआदत खालांची मधली शिवण

आमच्या सआदत खाला चारच इयत्ता शिकल्या, पण हातात अल्लाहची देणगी. सारा जन्म सुझनीच्या, म्हणजे रेशमी फुलांच्या भरतकामाच्या, चादरी भरण्यात गेला. आज दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर, माझी लेक ओयदिन त्यांच्या अंगणातल्या तुतीखाली वही घेऊन रडत बसली. ‘दोन क्ष अधिक तीन बरोबर अकरा’ सुटेना, आणि उद्या चुकलं तर गणिताच्या खास वर्गातून नाव कटणार.

“रडूबाई, बरोबरची खूण म्हणजे मधली शिवण,” खाला म्हणाल्या. “अर्धी चादर मी भरते, अर्धी माझी बहीण, मग मधे जोडतो. मी तीन फुलं उसवली, की तिनंही तीन उसवायची. नाहीतर तुझ्या आईच्या भरतकामासारखं ध्यान दिसेल!”

ओयदिननं दोन्हीकडचे तीन उसवले, उरलं ते निम्मं केलं. रेशमावरून ऊन सरकत होतं. आकडे आणि फुलं माझ्या डोळ्यांत एक झाली.

“चार!” ती ओरडली. पुढची नऊ गणितं तिनं आम्हाला बघूही दिली नाहीत.