घोट्यावर उभा राहिलेला माणूस

रमेशभाऊ गेल्याचं मला जळगावच्या स्टँडवर कळलं. गावाहून आलेल्या एसटीतून शेजारचे आबा उतरले आणि म्हणाले, "चाल घर... तुन्हा भाऊ गया." छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आतच सगळं संपलं. महिना झाला. लोक म्हणतात, आता तरी काकांवरचा राग सोड. का म्हणून सोडू?

आमचे सुकलालकाका पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. काकांनी उसणीवरून थेट मुरगळलेल्या पायांपर्यंत मजल मारली होती. भाऊ तेव्हा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे जामनेरच्या रस्त्याने पळायचा. भरती तोंडावर आली आणि केळीच्या बागेत पाटात पाय जाऊन त्याचा घोटा टम्म फुगला. मी म्हणालो, डॉक्टरकडे नेऊ. काका माझ्यावरच खेकसले, "डॉक्टर कशाले? मुरगळेल शे. मी पाय देस, बठ्ठं ठीक व्हई जाई." आणि हा बाबा त्या घोट्यावर चक्क उभा राहिला! भाऊची ती किंकाळी... पुढे जळगावच्या डॉक्टरांनी फोटो पाहून कपाळाला हात लावला. मोडलेलं हाड सरकून वाकडंच जुळलं होतं. भरती गेली, भाऊ जन्माचा लंगडा झाला. काका म्हणाले, त्याचं नशीब.

भाऊ भांडला नाही. त्याने काकांची गिऱ्हाइकंच तोडली. कुणाचा पाय मुरगळला की हा लंगडत आधी हजर. घोट्याला केळीच्या खोडाचं जाड सोपट आधाराला लावून उपरण्याने बांधायचा, "चोळू नका, टेकवू नका" असं दटावायचा आणि पाय उशीवर उंच ठेवून बैलगाडीतून दवाखान्यात धाडायचा. काकांच्या ओट्यावर कुत्रं फिरकेना. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

मग एक दिवस काकाच विहिरीच्या पायरीवरून घसरले. मी म्हणालो, "भाऊ, राहा उभा त्यांच्या पायावर. फेड एकदाचं!" भाऊने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोपट बांधता बांधता काकांना एवढंच म्हणाला, "यावर कुणाला उभं राहू देऊ नका." प्लास्टर निघालं आणि काका पूर्वीसारखे ताठ चालायला लागले. तसेच ताठ चालत ते भाऊच्या तिरडीला खांदा द्यायला आले. मी त्यांचा हात बाजूला केला.

भाऊच्या चपला अजून दाराशी आहेत, एक टाच तिरकी झिजलेली. परवा काका त्या चपलांपाशी बसून रडले. "मन्हं चुकनं रे, माफ कर."

"भाऊ जिवंत होता तेव्हा त्याच्यासमोर म्हणायचं होतं," मी म्हणालो. "मी कोण माफ करणारा?"

आणि दार लावून घेतलं.