सुतकातली फ्रेंच

माझी बायको कापूस वेचणीच्या दिवसांत गेली. सकाळी मला चहा दिला, भिंतीला टेकून बसली अन् बसल्या जागीच गेली. त्यावर मला जास्त लिहायचं न्हाई. लिहायचंय ते सुतकातल्या एका संध्याकाळचं, अन् माझ्या नातीच्या फ्रेंचचं.

माझा मुलगा नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कामाला आहे. त्याची पोरगी तिथंच इंग्रजी शाळेत आठवीला होती. त्या शाळेत हिंदीच्या जागी फ्रेंच घेता येते. पोरीनं घेतली. बापाला बिलकुल पटलं न्हाई. जालन्यात फ्रेंच बोलायला कोण येणार, मोसंबीचे व्यापारी का, असं तो म्हणायचा. माझ्या बायकोनं नातीची बाजू घेतली. फ्रान्स कुठल्या बाजूला हे तिला शेवटपर्यंत माहीत न्हवतं. पण पोरीला आवडतं ना, मंग बास, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी बापानं अट घातली. सहामाहीची तोंडी परीक्षा पास झाली तर फ्रेंच, न्हाईतर गुमान हिंदी.

ती परीक्षा नेमकी सुतकात आली, दहाव्याच्या आधी.

आम्ही सगळे गावी, केदारखेड्यालाच होतो. दहाव्यापर्यंत घरचं माणूस गावाची शीव ओलांडत न्हाई, ही आमच्यातली रीत. सूनबाईनं शाळेत फोन करून पाह्यला. परीक्षा घ्यायला बाहेरून मॅडम येतात, त्या एकच दिवस असतात, असं उत्तर आलं. मी म्हटलं, जाऊ द्या पोरीला, बापाच्या गाडीवर जाईल अन् येईल. माझी मोठी बहीण, आक्का, भोकरदनला दिलेली, पण घरात आता सगळ्यात थोरली. ती दोन दिवस कुरकुरली, मंग लेकराला कसलं सुतक म्हणून कशीबशी कबूल झाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घर बायांनी भरलेलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातूनच गळा काढायची अन् पोरीला उराशी धरायची. पोरीला अभ्यासाला जागा न्हवती. दिवेलागणीला ती गोठ्यात गेली, भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले अन् बोलायला लागली. परीक्षेत मॅडम विचारणार अन् हिनं सांगायचं, म्हणून दोन्ही तीच बोलून राह्यली. मॅडमचा आवाज जाड, स्वतःचा बारीक.

शेजारची एक बाई गोवऱ्या आणायला तिकडं गेल्ती. ती रिकाम्या हातानं पळत आली. मंग आक्का जाऊन दाराआड उभी राह्यली, तिनंही ऐकलं. आल्यावर तिचा चेहरा उतरलेला होता. पोरीच्या तोंडून भावजय बोलून राह्यली, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं.

बायांनी पोरीला गोठ्यातून आणून दिव्यापुढं बसवलं. माझी बायको गेली त्या जागेवर तो दिवा तेवत ठेवलेला होता. सुतकात देव शिवायचे न्हाईत, अंगारा कुठला आणणार, म्हणून आक्कानं चुलीतली राख पोरीच्या कपाळाला फासली. पोरगी सारखी सांगत होती, मी फ्रेंच बोलत होते, अभ्यास होता. कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "अभ्यासाला कुणाला दोन गळे लागतात का गं बाई?"

आक्कानं निकाल दिला. बाधा झालेली पोर शिवेबाहेर न्यायची न्हाई, मेलेलं माणूस वाटेवर अडकून पडतं. दहावा झाल्यावर बघू. माझा मुलगा खांबाला टेकून गप. त्याच्या मनातली हिंदी आयतीच पदरात पडत होती.

मी तिथंच होतो. ही फ्रेंच आहे हे मला ठाऊक होतं. जालन्याला त्यांच्या घरी मी ती कैकदा ऐकली होती. तरी मी बायांमधून वाट काढत दिव्यापाशी जाऊन बसलो.

आक्का पोरीच्या तोंडाजवळ वाकली. "बाय, काय राह्यलं तुझं? पोरीनं परीक्षेला जावं असं तुझ्या मनात आहे का? तू हो म्हण, मी सोता तिला गाडीवर बसवून देते."

 सूनबाईनं मागून पोरीला हळूच कोपर मारलं, ते मी पाह्यलं. एक हो म्हटलं की झालं. परीक्षा हातात होती.

पोरगी काही बोलेना. मंग मीच विचारलं. 

"तू आहेस का?"

तिनं आक्काकडं पाह्यलं न्हाई, आईकडंही न्हाई. माझ्याकडं पाह्यलं.

"आबा, मीच आहे. आजी न्हाई आली."

 मला रागच आला. एवढं हो म्हणायला हिचं काय जात होतं, असं वाटलं. पण तिनं हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी रोज दिवेलागणीला त्या लेकराच्या तोंडाकडं बघत बसलो असतो. तिला कधी सोडलं नसतं. हे मला तिथंच कळलं, अन् मी उठलो.

"पोरगी खरं बोलली," मी म्हटलं. "उद्या ती जाईल."

"मंग मी दहाव्याला थांबत न्हाई," आक्का म्हणाली. "तुझं तू बघ."

"बघतो."

सकाळी मुलानं गाडी काढली. आक्कानं तिचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलेलं. मुलगा माझ्याकडं बघत उभा राह्यला, मी थांब म्हणेन या आशेनं. मी म्हटलं, बघतो काय, जल्दी निघ. ते गेले. मी अन् आक्का ओट्याच्या दोन टोकांना बसलो. सूनबाईनं भाकरी आणली, दोघांनीही ताटाला हात लावला न्हाई. वाटेत काही झालं असतं, नुसतं चाक पंक्चर झालं असतं, तरी गावानं त्याचा अर्थ लावला असता. मला ते पक्कं माहीत होतं.

दुपार कलल्यावर मुलाचा फोन आला. पास झाली म्हणाला. मंग म्हणाला, मी दाराबाहेर ऐकत होतो आबा, कुठं अडली न्हाई. आज हे लिहितोय तेव्हा पोरगी नववीला आहे अन् फ्रेंच चालू आहे.

त्या दुपारी मी फोनचं आक्काला सांगितलं.  ती रस्त्याकडं बघतच म्हणाली, "काल तुला वाटलं ना रे बापू, ती आलीय म्हणून?"

"वाटलं."

"मलाबी वाटलं. म्हणून तर पोरीला धरून ठेवत होते."

भोकरदनची एसटी फाट्यावर येऊन थांबली, तिनं हॉर्न दिला. आक्का उठली न्हाई. गाडी तशीच निघून गेली.