फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

“सापडला,” डॉक्टर म्हणाल्या. “तिसऱ्या डबीत सापडला.”

त्यांना झालेला आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मला राग यायला हवा होता. पण साडेचार महिने पातळ संडास होत असलेल्या मला कुणीतरी पहिल्यांदा कारण सांगत होतं. मी तिथेच रडले.

सापडलेल्या जंतूचं नाव आयसोस्पोरा. हा आतड्याच्या अस्तरात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी. धडधाकट माणसाला तो थोडे दिवस छळतो आणि जातो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती उतरवलेल्या माणसात मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि खाल्लेलं अंगी लागू देत नाही.

एआरटी केंद्रात शिरल्यावर आधी संडास कुठे आहे ते बघून मगच बाकावर बसणारे जे कुणी असतील, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, रोज घ्यायच्या गोळ्या. मला एचआयव्ही कसा झाला, हे इथे लिहिणार नाही. टायफॉईडवाल्याला कुणी असं खोदून विचारत नाही.

माझे वडील सभा-मोर्च्यांतून पत्रकं आणायचे. शाळेच्या पुस्तकांआधी मी ती वाचली. ते गेल्यावर मी अमरावतीला आले, एका छापखान्यात कामाला लागले आणि स्वतःच पत्रकं लिहू लागले. ‘आजार लपवू नका, आजाऱ्यालाही लपवू नका’ हे वाक्य माझं. चौकाचौकात वाटलेलं.

पोळ्यानंतर पोट बिघडलं. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन, गोळ्या, पुन्हा सलाईन. वजन बावन्न किलोवरून एकेचाळीसवर आलं, तेव्हा एका डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी करायला सांगितली. पॉझिटिव्ह. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींची मोजणी, फार खाली गेलेली.

आणि मी काय केलं? अमरावतीत कुणी ओळखेल म्हणून उपचाराला अकोल्याचं केंद्र निवडलं. तशा पोटाने दोन तासांचा एसटीचा प्रवास. बडनेरा सोडलं की समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरायचा आणि मूर्तिजापूरची वाट बघायची. ‘लपवू नका’ सांगणाऱ्या आपल्याच पत्रकावर मी अशी बसून होते.

अकोल्याच्या स्टँडवर पातूरची बस लागलेली असायची. आमचं गाव पातूरजवळ आहे. तिथे माय एकटी राहते, नाल्याकाठच्या अर्ध्या एकरात भाजीपाला पिकवते आणि बाजारात विकते. मी त्या बसकडे बघायची. पाटी वाचायची. मग दवाखान्याचा ऑटो धरायची. मायला काही माहीत नव्हतं. “काम आहे,” एवढंच मी तिला फोनवर सांगत होते.

एआरटीसोबत मला कोट्रायमॉक्झाझोलची गोळी दिली होती. अशक्त शरीराला दुसरे आजार लागू नयेत म्हणून ती देतात. तिने मळमळायचं. मी ती मनानेच बंद केली आणि कुणाला सांगितलं नाही. तुम्ही असं करू नका. त्रास होत असेल तर सांगा, भांडा, पण गोळी गुपचूप सोडू नका.

एआरटी सुरू होऊनही संडास थांबेना. तेव्हा या डॉक्टर भेटल्या. त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होत्या आणि एचआयव्ही असलेल्यांच्या आतड्यांत कोणकोणते परजीवी सापडतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांनी झाकणाच्या तीन डब्या दिल्या. तीन दिवसांचे तीन नमुने हवेत, कारण हा जंतू रोज बाहेर पडत नाही.

संमतीपत्र मी दोनदा वाचलं. माझं नाव कुठे जाणार, नमुना नंतर ठेवणार की फेकणार, सगळं विचारलं. त्यांनी न चिडता सांगितलं. मग प्रश्नांचा फॉर्म आला. पिण्याचं पाणी कुठलं? घरी जनावरं आहेत का? कच्च्या भाज्या खाता का?

मी लिहिलं, ‘नाही’.

खरं असं होतं की माय दर रविवारी ओळखीच्या भाजीगाडीतून मला पिशवी पाठवायची. मुळा, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जुड्या नाल्यात बुडवून ओल्या पोत्याखाली ठेवतात, म्हणजे सकाळी पाला टवटवीत दिसतो. सगळेच ठेवतात. वरच्या गावाची घाण त्याच नाल्यात उतरते, हेही सगळ्यांना माहीत आहे. घरची फार आठवण आली की मी त्यातला मुळा ओढणीला पुसायची आणि पाल्यासकट खायची. पोट बिघडल्यावर तर जास्तच. घरचं एवढंच माझ्यापर्यंत पोचत होतं.

म्हणून ‘नाही’. माझ्या आजाराच्या कागदावर मायच्या हातांचा उल्लेख मला नको होता.

जंतू सापडल्यावर डॉक्टरांनी तोच फॉर्म पुढे ठेवला. “कच्चं खात नाही म्हणता. मग तो आला कुठून, याचा विचार करते आहे.”

मी खरं सांगितलं. बंद केलेल्या गोळीचंही. त्या ओरडल्या नाहीत. “खाडाखोड करू नका. एक रेघ मारा, शेजारी खरं लिहा, सही करा.” मग म्हणाल्या, “तुमच्या एकटीवरून मी मुळ्याला दोषी ठरवणार नाही. पण माणसं खोटं लिहायला लागली, तर कितीही जणांना तपासून काहीच कळणार नाही.”

उपचार कोणता, तर तीच कोट्रायमॉक्झाझोल, मोठ्या मात्रेत, दहा दिवस. सहाव्या दिवशी मी सकाळी एकदाच संडासला गेले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पुन्हा जावं लागलं नाही. एवढी मोठी बातमी, आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी पातूरच्या बसमध्ये बसले. माय नाल्यावर जुड्या बुडवत होती.

“माय, हे पानी नको लावू वं. याच्यातूनच जंतू येतात. मले तेच झालं होतं.”

“वा वं वा! साऱ्या पातूरनं खाल्ला माह्या मुळा, कोनाचं पोट नाही दुखलं. तुह्याच पोटाचे नखरे!”

मग मी उरलेलं सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“ते एड्सवाली बिमारी?”

“त्याचाच जंतू हाये. पन गोळ्या चालू हायेत माह्या.”

ती नाल्याच्या काठावर बसली. “तुह्या बापाले कळलं असतं तं?”

“त्यायनं पत्रक छापलं असतं.”

ती हसली, आणि मग तोंडात पदर कोंबून रडली.

वडील गेल्यापासून मी गावी गेले की आम्ही दोघी एका ताटात जेवतो. त्या संध्याकाळी तिने फळीवरून नवं ताट काढलं, मला वेगळं वाढलं आणि स्वतः चुलीपाशी सरकून बसली. सोबत जेवल्याने एचआयव्ही लागत नाही, हे मी किती पत्रकांत छापलं होतं. एक शब्द बोलले नाही. सकाळच्या बसने परतले. त्यानंतर रविवारची पिशवीही बंद झाली. दोन महिने मी गावी गेले नाही.

आता माझं वजन सत्तेचाळीस किलो आहे. सीडी-फोर चढतो आहे. संडासचा नमुना द्यायची लाज वाटत असेल तर वाटू द्या, पण नमुना द्या. त्या डॉक्टर परक्यांच्या डब्या उघडून तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात बघत बसल्या म्हणून मी आज हे लिहू शकते. हे ऋण मला मिरवायचं आहे.

मागच्या तपासणीला नमुने स्वच्छ आले. डॉक्टर ते सांगत असतानाच मायचा फोन आला.

“दवाखान्यात हायेस? डाक्टरीनबाईले दे.”

मी फोन स्पीकरवर टाकला.

“बाई, माह्याच हातचं बाधलं तिले. आता म्या हात साबनानं धुवून राहिली. जुड्या बी विहिरीवर धुवून राहिली. तिले आनखी काही लागू नये म्हून ताट येगळं केलं, पिशवी बी धाडली नाही. आता बसलं एका ताटात तं तिले काही होनार नाही ना?”



“बसा ना, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. “शिजवलेलं, गरम असावं. कच्चं सध्या नको. तुमच्यामुळे तिला काही होणार नाही आणि तिच्यामुळे तुम्हालाही नाही.”



“मंग ते घरी येऊन काहून नाही राहिली?”

डॉक्टरांनी फोन उचलला आणि माझ्या हातात दिला.