मला मत देऊ नका

आमचे उमेदवार काका प्रत्येक निवडणुकीला उभे राहत आणि प्रत्येक वेळी मतदानाआधी बसत. विहाराची कमिटी असो, शाळेचं गव्हर्नर मंडळ असो की हॉस्पिटलच्या स्टाफची संघटना, काकांचं नाव सगळ्यांत आधी यायचं आणि सगळ्यांत आधी जायचं. ते हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते, मोठे डॉक्टर. पण साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या मोजक्या मराठी घरांत तो मान मागे पडला आणि ‘उमेदवार’ एवढंच उरलं. त्यांना ते ठाऊक होतं. फोनवर स्वतःच म्हणत, "जय भीम, उमेदवार बोलतोय."

लोक हसत. माझे बाबा बेकरीच्या कारखान्यात शिफ्ट करायचे. ते म्हणत, "डॉक्टरांना घोड्यावर बसायचंय, लग्न नकोय." काका चिडत नसत. ते बसायचे ते काहीतरी पदरात पाडूनच. कमिटीतून बसले तेव्हा रविवारचा मुलांचा मराठीचा वर्ग सुरू झाला. शाळेत बसले तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या आयांसाठी दुभाषी मिळाला. मी त्याच मराठीच्या वर्गातली, आणि पुढे आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. युनिव्हर्सिटीच्या इंटरव्ह्यूला काकांनीच मला गाडीतून नेलं होतं, हेही त्याच दमात सांगते.

त्यांच्या माघारीची एक रीत होती. सूट घालायचा, टाय लावायचा, काकूंनी केलेल्या करंज्यांचा डबा घ्यायचा आणि समोरच्या उमेदवाराच्या घरी जायचं. चहा घ्यायचा. मग म्हणायचं, "आता मी तुमचा." त्यानंतर कागदावर सही. फोनवर हे कधीही सांगायचं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, एवढं कशाला? एक ईमेल करा."

"मीटिंगमध्ये बसलो तर हरल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. "घरी जाऊन बसलो तर सोयरीक झाल्यासारखं दिसतं. त्या माणसाला उद्या माझी लोकं सांभाळायचीत. त्यानं माझ्याबरोबर चहा प्यायला नको?"

दोन हजार आठच्या हिवाळ्यात टीव्हीवर अमेरिकेतल्या प्रायमरीज, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतल्या निवडणुका, चालू होत्या. रविवारी वंदना झाली की आम्ही चार-पाच जण काकांकडे बसायचो. दर आठवड्याला कोणीतरी शर्यतीतून बाहेर पडायचा आणि दोन दिवसांनी कालच्या शत्रूच्या स्टेजवर हसत उभा दिसायचा. मला संताप यायचा.

"काल शिव्या देत होता, आज गळ्यात गळा. लाज नाही वाटत?"

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कोणाचे पैसे संपतात म्हणून बसतो. कोणाला पुढे मंत्री व्हायचं असतं. कोणाला तिसऱ्यावर सूड उगवायचा असतो. सगळं खरंय. पण आत्ता याचे डोळे बघ. हा घाबरलाय. आपण उभे राहिलो तर नको तो माणूस येईल, असं याला वाटायला लागलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भीती वाईट नसते गं, सुजाता. उशिरा वाटली तर मात्र काही उपयोगाची नसते."

त्याच वर्षीच्या वसंतात पक्षाने मला आमच्या वॉर्डातून कौन्सिलची उमेदवारी दिली. आणि काका अपक्ष म्हणून माझ्याविरुद्ध उभे राहिले. रविवारी आमचा विहार ज्या हॉलमध्ये भरायचा तो कौन्सिल बंद करणार होतं. "तुझ्या पक्षाने हॉलचा शब्द दिला की मी बसलो," ते म्हणाले. "तोवर तुझ्या साहेबांना जरा घाम फुटू दे." आम्ही दोघंही हसलो.

तिसरा उमेदवार होता तो आम्हा बाहेरून आलेल्यांना परत पाठवायला निघालेल्या पक्षाचा. मागच्या वेळी त्यांचा माणूस दुसरा आला होता. हा स्वच्छ कपड्यांतला, हसतमुख, दारादारांत कुत्र्यांचे लाड करणारा. त्याच्या पत्रकावर आमच्या हॉलचा फोटो होता. दारात उभ्या असलेल्या आमच्या बायका, पांढऱ्या साड्यांतल्या. खाली एकच ओळ, हे तुम्हाला तुमच्या गल्लीत हवंय का?

पत्रक आलं त्या आठवड्यात आमच्या पुढच्या खिडकीवर दगड आला. आईने कुठेतरी ऐकलं होतं की लेटरबॉक्समधून पेट्रोल ओततात. तिने दाराच्या आत, लेटरबॉक्सच्या खाली पाण्याची बादली ठेवली आणि ती कुणाला हलवू देईना. मी दारोदार फिरत होते. बेल वाजवण्याआधी माझं बोट दर वेळी थबकायचं. एकदा एक माणूस काही न बोलता, कुत्र्याची साखळी हातात गुंडाळत, रस्ता संपेपर्यंत माझ्यामागून चालत आला. मी वळून पाहिलं नाही. मला एवढंच कळत होतं की आमची मतं दोघांत फुटली, तर हाच माणूस त्या हसतमुख गोऱ्या साहेबाच्या विजयाला टाळ्या वाजवेल.

माघारीची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी पक्षाने काकांना हॉलचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत कौन्सिलच्या ऑफिसात सही केलेला कागद पोचला की काम झालं. काका सकाळीच सूट घालून, डबा घेऊन आमच्या दारात आले. आधी चहा, मग सही.

मी प्रचाराला गेले होते, बाबा शिफ्टला. आई एकटी होती. दाराच्या धुरकट काचेतून तिला काळ्या कपड्यांतला एक उंच पुरुष दिसला. तिने गॅस बंद केला आणि बादलीतलं पाणी सांडू नये म्हणून ती धरून भिंतीला टेकून बसली. बेल दोनदा वाजली. ती जागची हलली नाही.

घरात कोणी नाही असं समजून काका कोपऱ्यावर गाडीत जाऊन बसले. आता येईल, मग येईल. मोबाईल खिशात होता. पण ही बातमी फोनवर द्यायची नव्हती.

मी आले तेव्हा एक वाजून गेला होता. काका गाडीतून उतरले, फुटपाथवरच डबा माझ्या हातात दिला. "आता मी तुझा."

"काका, सही केलीत ना?"

"चहा झाल्याशिवाय कशी..." असं म्हणत त्यांनी घड्याळ पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शांतपणे झोपवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

कौन्सिलच्या ऑफिसात काउंटरवरची बाई फार चांगली होती. तिने दोनदा सॉरी म्हटलं. पण नाव बॅलटवर राहणार होतं.

घरी आई रडायला लागली. "मीच दार उघडलं नाही, भाऊजी."

"वहिनी, बरोबर केलंत," काका म्हणाले. "या दिवसांत मीही उघडलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून काका स्वतःच्या विरुद्ध प्रचाराला लागले. जयंतीच्या कार्यक्रमात माईक घेऊन सांगितलं, मला मत देणारा माझा शत्रू. पण आमची मतं ती किती? मग ते गोऱ्यांच्या गल्ल्यांत शिरले. बेल वाजवायची, टोपी काढायची आणि इंग्रजीत म्हणायचं, माझं नाव यादीत आहे, कृपया मला मत देऊ नका, सुजाताला द्या. कोणी दार लावून घेई. कोणी बायकोला हाक मारून बोलावे, हे ऐक म्हणून. काकांना कुत्र्यांची भयंकर भीती. आतून भुंकणं ऐकू आलं की ते पायरी उतरून दोन पावलं मागे जात, पण जागा सोडत नसत.

एका सकाळी त्यांच्या गाडीचे चारही टायर फाडलेले निघाले. ते बसने आले. मी म्हटलं, "काका, पुरे झालं. आता घरी बसा."

"घरी बसून काय करू? बेल वाजली की दचकतो. फोन वाजला की दचकतो. त्यापेक्षा दुसऱ्यांच्या दारची बेल वाजवतो."

मतमोजणी स्पोर्ट्स हॉलमध्ये झाली. टेबलांवर गठ्ठे वाढत होते. माझा, त्या साहेबाचा, बाकीच्यांचे, आणि काकांचा. इतर उमेदवार आपापला गठ्ठा वाढावा म्हणून माना लांब करत होते. काका आपल्या गठ्ठ्याकडे साप बघावा तसे बघत होते. प्रत्येक कागद त्यावर पडला की त्यांचे खांदे वर जात.

"कोण आहेत ही माणसं?" ते मराठीत पुटपुटले. "मी एवढं सांगितलं होतं."

समोरून तो साहेब आमच्याकडे बघून हसला. त्याचा गठ्ठा आणि माझा गठ्ठा अगदी बरोबरीने चालले होते.

आकडे वाचले गेले. काकांचं नाव आधी आलं. आपली मतं इतकी कमी आहेत हे ऐकून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये एकट्याने. मग माझा आकडा आला. मी जिंकले होते, पण काकांचा गठ्ठा आणखी बोटभर जाड झाला असता तर जिंकले नसते. काका भिंतीपाशी खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्यानंतर ते कुठेच उभे राहिले नाहीत. वर्षभरात काकूंना घेऊन मेडनहेडला मुलीकडे गेले. अधूनमधून फोन करायचे. हॉल चालू आहे ना, वर्गाला मुलं येतात ना, हे विचारून झालं की हळूच म्हणायचे, "ती मतं कुणाची होती गं? काही कळलं?"

मला कळलं होतं. कौन्सिलर झाल्यावर कचऱ्याच्या डब्यांची तक्रार ऐकायला मी एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईकडे गेले होते. तिने मला बसवलं आणि आधी त्या डॉक्टरांची चौकशी केली. "मी त्यालाच मत दिलं," ती कौतुकाने म्हणाली. "इतकी वर्षं दारात येऊन सगळे मत मागतात. नको म्हणणारा हा पहिलाच. म्हटलं, असाच माणूस पाहिजे. शेजारणींनाही सांगितलं." मी वही उघडून डब्यांची तक्रार लिहून घेतली.

काकांचा शेवटचा फोन आला तेव्हा त्यांना बोलताना धाप लागत होती. हॉलचं विचारलं, आईचं विचारलं. मग थांबले.

"ती मतं, सुजाता."

"चुकून पडली, काका. लोक चष्मा घरी विसरतात."

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं," ते म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.