नाव भाड्याने, तळघर आमचं

बार्बा श्पिरोंनी आयुष्यभर गाड्या मागेपुढे केल्या. आमच्या कोतोरच्या खाडीचा गळा जिथे अरुंद होतो तिथे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. तिच्या डेकवर उभं राहून ते दोन्ही हातांनी खुणा करायचे, "ये, ये, अजून ये, बस्स!" ड्रायव्हरने काच खाली केली की त्याला फुकटात हवामानही मिळायचं. "दुपारनंतर लाटा वाढतील, येताना डोंगराच्या रस्त्याने ये." कुणी विचारलेलं नसायचं. पण पलीकडे पोचेपर्यंत माणूस डेकवर अडकलेला, ऐकणार नाही तर जाणार कुठे?

बार्बा हे त्यांचं नाव नव्हे. खाडीवर वडीलधाऱ्या माणसाला आम्ही बार्बा म्हणतो. निवृत्त झाल्यावर बार्बांची पंचाईत झाली. सांगायला कुणी उरलं नाही. सकाळी गच्चीवर जाऊन आकाश बघायचे, खाली स्वयंपाकघरात येऊन बायकोला सांगायचे, "आन्जे, आज दक्षिणेचा वारा आहे."

आन्जेमावशी कॉफी ढवळत म्हणायच्या, "मला खिडकी आहे, श्पिरो."

मी त्यांच्या शेजारची. घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. एकदा बार्बा अंजिरं घेऊन आले आणि माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. आपल्या देशातल्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी टिंब आणि 'मे' येतं, हे मी त्यांना सांगितलं.  मग टेबलावर सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून त्यांनी एक शब्द लिहिला. व्रियेमे. आमच्या भाषेत व्रियेमे म्हणजे हवामान, आणि व्रियेमे म्हणजे वेळसुद्धा. दोन्हींना शब्द एकच. त्यांनी शेवटच्या 'मे'च्या आधी बोटाने एक टिंब दिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, इतकं सोपं नाव कुणीतरी केव्हाच घेतलेलं असणार. शोधलं, तर कुणी घेतलं नव्हतं.

तेव्हापासून बार्बांचं पान रोज सकाळी उघडतं. पांढरं पान, त्यावर एक ओळ. "यूगो सुटलाय. चादरी आत घ्या. नवऱ्याशी भांडायचं असेल तर उद्यापर्यंत थांबा." यूगो म्हणजे आमचा दक्षिणेचा दमट वारा. तो सुटला की डोकी जड होतात, सांधे दुखतात, शहाणी माणसंसुद्धा तिरकस बोलतात. यूगोत लग्न ठरवायचं नाही, जमीन विकायची नाही, दावा लावायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

पान वाचणारे किती, हे मला आकड्यात दिसायचं, पण बार्बांना आकडे नको होते. त्यांना माणसं माहीत होती. पलीकडच्या काठावर धुणं वाळत घालणाऱ्या बायका होत्या. फेरीवरची नवी पोरं होती. आणि आमच्या गावचे खलाशी होते, दूरदूरच्या बोटींवरचे. एकदा बार्बा तापाने पडले आणि पान दोन दिवस तसंच राहिलं, तर सिंगापूरहून मारिन्कोचा फोन आला. "बार्बा, घरी वारा कुठला आहे? मला इथे झोप येत नाहीये."

"तुला काय करायचंय? तू तिकडे आहेस ना?"

"माझी आई तिथे आहे."

त्यानंतर बार्बांनी एकही सकाळ चुकवली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या एका कंपनीचं पत्र आलं. ऑफिसातले लोक किती वाजता आले, किती वाजता गेले, याची नोंद ठेवणारी एक वेबसाइट आमच्या भागात सुरू करायची होती. त्यांना हे नाव विकत हवं होतं. सुरुवातीलाच दोन हजार युरो.

त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं होतं. आन्जेमावशींनी पलंगावर परात ठेवली होती. "पाऊस येणार हे अख्ख्या जगाला सांगतोस," त्या म्हणाल्या, "छप्पर गळणार हे नाही सांगितलंस! वीक ते टिंब."

"टिंब विकलं तर सकाळी मारिन्कोला कोण सांगणार?"

"मारिन्कोच्या आईकडे फोन आहे."

"तिला वाऱ्यातलं काय कळतं? तिला सगळेच वारे गार लागतात."

पहिल्या व्हिडिओ कॉलवर सिग्ने नावाच्या बाई होत्या. गोड, नीटनेटक्या, मागे पांढरी भिंत. दुभाषी मी. त्या म्हणाल्या, "आम्हाला तुमचं 'वेळ' हवं आहे."

बार्बा म्हणाले, "माझी वेळ? ती भरतच आलीय. थोडं थांबलात तर फुकट मिळेल."

मी हसू दाबत भाषांतर केलं. सिग्नेबाई घाबरल्या आणि तब्येतीची चौकशी करायला लागल्या. तेवढ्यात बार्बांनी खिडकीबाहेर पाहिलं. पाणी शिशासारखं झालं होतं. "पोरी, त्यांना सांग, आज यूगो आहे. आज सौदा नको."

मी शब्दाला शब्द सांगितलं. दक्षिणेचा वारा आहे, म्हणून आज बोलणं नाही. सिग्नेबाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "समजलं."

त्यांना काय समजलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. चार हजार.

यूगो थांबेना. आमच्याकडे तो एकदा बसला की पाहुण्यासारखा बसतो. सिग्नेबाई फोन करायच्या, बार्बा बाहेर बघायचे, मान हलवायचे. मी सांगायची, वारा तोच आहे. मग संध्याकाळी पत्र यायचं, आकडा वाढवून. आठ हजारांवर आल्यावर मला राहवलं नाही. मी लिहिलं की हा डाव नाही, खरंच वारा आहे. उत्तर आलं, "तुमचे बार्बा फार मुरलेले दिसतात. आम्ही त्यांचा आदर करतो."

आन्जेमावशी परात रिकामी करता करता म्हणाल्या, "देवा, अजून चार दिवस वाहू दे."

अखेर उत्तरेचा वारा सुटला. डोंगर इतके स्वच्छ दिसायला लागले की पलीकडच्या काठावरच्या बकऱ्या ओळखू याव्यात. बार्बांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, टेबलावर रकियाचे, आमच्या घरगुती दारूचे, दोन पेले ठेवले. एक स्वतःपुढे आणि एक लॅपटॉपपुढे.

"आता बोलू," ते म्हणाले. "आठ हजार फार आहेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आन्जेमावशींनी दारात उभ्या उभ्या कपाळावर हात मारला.

"सहा द्या. पण रोज सकाळी माझी एक ओळ त्या पानावर राहील."

सिग्नेबाईंनी कुणाशी तरी बोलून घेतलं. ओळ ठेवता येणार नाही. त्यांचं पान ऑफिसचं, त्यावर नवराबायकोच्या भांडणाचा सल्ला कसा चालेल? पण आठाचे नऊ करता येतील.

"पाच," बार्बा म्हणाले.

"दहा," सिग्नेबाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता.

"तीन! आणि अर्धी ओळ! फक्त वाऱ्याचं नाव!"

मी दोघांच्या मध्ये भाषांतर करत होते. माझ्या आयुष्यात मी असा सौदा पाहिला नव्हता. घेणारा वर चाललेला, देणारा खाली. कुठे भेटणार ते?

तिकडे सिग्नेबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, मला खरं सांगा," त्या मला म्हणाल्या, "या माणसाला नक्की काय हवंय?"

मी बार्बांकडे पाहिलं. ते पेल्याकडे बघत होते. "सांग तिला," ते हळू आवाजात म्हणाले, "की डेकवरून उतरलो तेव्हा मला वाटलं होतं, आता कुणी काच खाली करणार नाही."

मी सांगितलं.  सिग्नेबाईंना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण वाईट वाटून करार बदलत नाही, हेही दिसत होतं.

तेव्हा आन्जेमावशी परात घेऊन पुढे आल्या आणि बार्बांना म्हणाल्या, "सरक."

बार्बा सरकले.

"पोरी, हिला विचार, हिला घर विकत कशाला हवंय?"

"मावशी, घर नाही, नाव…"

"तेच ते. आम्ही तीस उन्हाळे हे घर पाहुण्यांना देतोय. विकलं का कधी? उन्हाळा आला की वरच्या खोल्या त्यांच्या, आणि आम्ही दोघं खाली कोनोबात, तळघरात. पिंपांमध्ये, हॅम टांगायच्या आकड्यांखाली. पाहुण्यांना समुद्र दिसतो, आम्हाला त्यांचे पाय दिसतात. कुणाचं काही बिघडलं? हिला नाव भाड्याने दे. वरचा मजला हिचा. ऑफिस थाटू दे, घड्याळं लावू दे. तळघर आमचं."

बार्बा माझ्याकडे बघायला लागले. "असं होतं का गं तुमच्यात?"

होतं. अगदी सहज होतं. नाव बार्बांच्याच मालकीचं राहील, कंपनी दरवर्षी भाडं देईल आणि मुख्य पान वापरेल. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ आणि 'कोनोबा' हा शब्द जोडला की बार्बांचं पान उघडेल. रोज तंत्राशी खेळणारी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. आम्ही खाडीवरची माणसं जन्मापासून दुसरं करतो तरी काय?

मी सिग्नेबाईंना समजावलं. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, विकत घेण्यापेक्षा पहिल्या वर्षाला हे स्वस्तच पडतं. मग आन्जेमावशींनी त्यांना कोंडीत पकडलं. भाडं वर्षाच्या सुरुवातीला. मुख्य पानाच्या तळाशी 'कोनोबा' शब्द दिसला पाहिजे, पाहुण्यांना जिना सापडला पाहिजे. मोडतोड झाली तर भरपाई.

"मोडतोड कसली?" सिग्नेबाईंनी विचारलं.

"ते मला काय माहीत? पाहुणे नेहमी काहीतरी मोडतात."

ते कलमही करारात आलं. सिग्नेबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. बार्बांनी स्वतःचा पेला उचलला, स्क्रीनला टेकवला, प्यायले. मग लॅपटॉपपुढचाही प्यायले, पाहुणीच्या वतीने.

पहिल्या भाड्यात अर्धंच छप्पर झालं. समुद्राकडची बाजू आधी करायची, असं आन्जेमावशींनी ठरवलं, कारण यूगोचा पाऊस तिकडून येतो. डोंगराकडची बाजू पुढच्या भाड्यात होईल. तोवर परात तिकडच्या कोपऱ्यात आहे.

वरचा मजला सुरू झाला त्या सकाळी मी उठून आधी तेच पान उघडलं. निळा रंग, घड्याळाचं चित्र, "आजचे तास नोंदवा". अगदी तळाशी, बारीक अक्षरात, कोनोबा. मी त्यावर बोट ठेवलं आणि जिना उतरले.

"आम्ही खाली आलोय. इथे गार आहे. वर पाहुणे कामात आहेत, हळू बोला. वारा वायव्येचा, चादरी दुपारपर्यंत सुकतील. मारिन्को, तुझी आई बरी आहे, काल भेटली. तिला वारा गारच लागला."

खिडकी उघडी होती. शेजारच्या स्वयंपाकघरातून बार्बांचा आवाज आला, "आन्जे, आज वायव्येचा वारा आहे!"

"वाचलं मी," मावशी म्हणाल्या.