काइंडली वगळलेला अर्ज

१९५३ साली चांदा जिल्ह्यातल्या एका जंगल कचेरीच्या ओसरीवर भैयाजी अर्ज लिहीत बसत. इंग्रजी त्यांचं चौथीपुरतं, पण 'काइंडली' या शब्दावर भारी भिस्त. कोंडवाड्यातला बैल सोडवायचा असो की शिपायाची बदली थांबवायची असो, आधी काइंडली, मग बाकीचं रडगाणं. "साहेबाच्या पायाले हात लावल्यावाणी होते," असं ते लोकांना समजावत. ओसरीवरची जागासुद्धा त्यांनी याच शब्दावर मिळवली होती.

वैशाखात सुकरी आली. दोन कोसांवरच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड बाई. तिचं घर वणव्यात जळालं होतं, आणि निस्ताराचे, म्हणजे गावाच्या हक्काचे बांबू कचेरीच्या साहेबानं अडवून धरले होते. पाऊस महिन्यावर आलेला आणि लेकरं मोहाच्या झाडाखाली झोपत होती.

भैयाजींनी अर्ज लिहून अर्थासकट वाचून दाखवला.

"काइंडली म्हंजे काय जी?" सुकरीनं विचारलं.

"कृपा करून."

"किरपा काऊन? बांबू आमच्या हक्काचे. साहेबाच्या घरचे मांगून राह्यली का मी?"

"लिहाची रीतच हाय, बाई. साहेब बिघडला तं?"

"खोटं नोका लिहू, भाऊ."

भैयाजींना राग आला. वीस वर्षांत कुणी त्यांचं इंग्रजी तपासलं नव्हतं, आणि ही अंगठा उठवणारी बाई त्यात खोट काढत होती. पण तिचं बरोबर होतं, तेच जास्त झोंबलं. त्यांनी नवा कागद घेतला.

साहेबानं अर्ज वाचला. "भैयाजी, काइंडली लिहायचं राहिलं."

'चूक झाली' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"राहिलं नाही, साहेब. मीच सोडलं. हक्क आहे तिचा."

साहेबानं गावाच्या निस्तार-हक्कांचा कागद मागवला, पाहिला आणि सही केली. मग वड्याचं तेल वांग्यावर काढलं. त्याच संध्याकाळी शिपायानं भैयाजींची लिहायची पेटी ओसरीवरून खाली उतरवली.

आठ दिवसांनी सुकरी बांबूंनी भरलेली बैलबंडी घेऊन निघाली, तेव्हा भैयाजी आवारात भर उन्हात लिहीत होते.

"इथी काऊन बसले जी?"

"ओसरीवर वारा येत नाई."

तिनं रिकाम्या ओसरीकडे पाहिलं आणि काय ते समजली. बंडीतून चार लांब बांबू ओढून काढले आणि भैयाजींच्या पेटीशेजारी मांडवासाठी पहारीनं खड्डा खोदू लागली.

"अवो बाई, तुह्या छपराले कमी पडतीन," भैयाजी म्हणाले.

"पडू द्या. आमी सरकून झोपू."