अंगणात वाळत ठेवलेलं उखळ

बानी शहरातल्या आमच्या गल्लीत कुणाची डुलती खुर्ची करकरायला लागली की ती एनेइदाच्या अंगणात जाते. जुना रंग खरवडायचा, काचपेपर मारायचा, तेल पाजून लाकूड उजळवायचं, यावरच विधवा एनेइदानं घर चालवलं. तोंड चालवायला मात्र तिला कुठलंच निमित्त लागत नाही.

खुर्च्या-कपाटांच्या वाळवीला ती सुईनं विष भरते. स्वयंपाकाच्या लाकडी भांड्यांना फक्त उकळतं पाणी, ऊन आणि खोबरेल. हा नियम तिनं एकदाच मोडला. महोगनीचं एक पोखरलेलं उखळ कुणाला तरी कुंडी ठेवायला हवं होतं. स्वयंपाकात जाणारच नाही म्हणून तिनं त्याच्या भोकाभोकांत विष भरलं, वरून तेलानं चमकवलं, अंगणात वाळत ठेवलं आणि काचपेपर आणायला दुकानात गेली.

आता आमच्याकडे उखळ न्यायला कुणी विचारत नाही. मागच्या दारानं शिरायचं, उचलायचं, संध्याकाळी परत ठेवायचं. हे तिलाही ठाऊक होतं, पण विसरली.

परत आली ती थेट माझ्या फाटकाशी.

"माझं उखळ कुणी नेलं?"

"पळून गेलं असेल बाई, तुझ्या बडबडीला कंटाळून."

"अगं, त्यात विष आहे!"

जेवणाची वेळ होत आलेली. घराघरांत लसूण कुटला जात होता. डावीकडून ठक ठक, उजवीकडून ठक ठक, मागूनही. त्यातलं कुठलं उखळ आपलं? एनेइदा रस्त्यात डोक्याला हात लावून उभी राहिली. मग आम्ही दारं बडवत सुटलो.

"जेवायला यायचं तर ये ना, दार कशाला मोडतेस?" एकीनं आतून हाक दिली. हसायला कुणाला सुचतंय!

शेजारच्या तोमासाच्या ओट्यावर ते सापडलं. आत लसूण चिकटलेला, चुलीवर राजमा रटरटत होता. एनेइदानं फडक्यानं पातेलं धरलं आणि अंगणात पालथं केलं.

"डोकं फिरलं का तुझं?" तोमासा ओरडली. कारण कळलं तशी तिनं दाराची चौकट धरली. "आईनं आत्ताच राजमा चाखून मीठ बघितलंय."

तिची आई, म्हातारी उर्सुला, कोपऱ्यात डुलत्या खुर्चीत बसली होती. डॉक्टर आला. त्यानं विचारलं, विष कुठलं? एनेइदाला नाव कुठं ठाऊक! फेरीवाल्यानं सोड्याच्या बाटलीत भरून दिलेलं. डॉक्टर म्हणाला, अंधार पडेपर्यंत नजर ठेवा, उलटी झाली तर लगेच न्या. मग आम्ही बसून राहिलो. म्हातारी खोकली तरी आम्ही दचकायचो. तिनं डोळे मिटले की एनेइदा वाकून तिच्या नाकाशी हात धरायची. इतकी भीती मी वादळातही अनुभवली नव्हती.

दिवे लागले तशी उर्सुला कडाडली, "उपाशी मारणार आहात का मला? आज कधी नव्हे ते पोरीचं मीठ बरोबर पडलं होतं, तेही ओतून दिलंत!"

एनेइदा ढसाढसा रडली. तोमासानं कॉफी केली. मग तिनंच कप एनेइदाच्या ओठांना लावला.

"पी गं," ती हळूच म्हणाली. "मीठ मीसुद्धा चाखलं होतं, दोनदा. तू आधीच अर्धमेली झाली होतीस, म्हणून बोलले नाही."